कागदाएवढा शंख

आश्विनातलं पिवळंधमक ऊन सावंतवाडीच्या कौलांवरून घसरलं, खिडकीतून आत वाकलं आणि डेगवेकरांच्या त्या विलायती मेजावर विसावलं. काय देखणं मेज! दिवसा भिंतीशी उभा अर्धचंद्र; संध्याकाळी मागचा पाय ओढून वरची फळी उलगडली की ताम्रवर्णी पूर्णचंद्र. दोन फळ्यांवर पिवळ्या लाकडाचा अर्धा-अर्धा शंख जडवलेला. फळी उलगडली की तो जुळायचा.

प्रभाकरपंतांची स्मृती पार पुसली गेली होती. मुलं गेली, नावं गेली, आरशातला आपला चेहराही गेला. उरला होता तो एवढा शंख. त्यावरून बोट फिरवलं की ते म्हणायचे, "सुहास, पान टाक." चाळीस वर्षं ती दोघं नवराबायको या मेजावर पत्ते खेळली होती. त्या एका हाकेवर सुहासिनीबाई जगत होत्या.

आणि परवा मेज उलगडलेलं असताना बाईंनीच घाईत पेजेचं गरम पातेलं नेमकं तिथं टेकवलं. शंखावर पांढरा डाग उमटला, पंतांचं बोट अडखळू लागलं. बाईंनी बाबल मेस्त्रीला बोलावलं.

बाबलचा सारा जन्म सागाफणसात गेलेला. डागावर रंधा मारावा, खालून नवं लाकूड हसत वर येतं, एवढं त्याला ठाऊक. त्यानं रंधा मारला. एकदा मारला, दोनदा मारला, मायेनं मारला. सोनेरी, झिरझिरीत, तलम सालपटं उडाली. आणि अहो, शंखच उडाला!

बाबलनं रंधा बाजूला ठेवला. "वयनी, माका वाटला शंख बोटभर खोल आसतलो. ह्यो तर कागद निघालो!"

बाई रागावल्या नाहीत. कुणावर रागावणार? त्यांनी सालपटं ओंजळीत गोळा केली. त्यांचा भुगा झाला.

संध्याकाळ झाली. केशरी, कातर, क्रूर संध्याकाळ. बाईंनी फळी उलगडली, पत्ते पिसले. पंतांचं बोट लाकडावर फिरलं. फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. कोऱ्या, कोरड्या, मुक्या लाकडावर.

मग त्यांनी मान वर केली. परक्या बाईशी बोलावं तसे हात जोडले.

"बाई, उशीर झाला. घरी बायको वाट बघत असेल. मला पोचवाल का?"

"पोचवते हं," सुहासिनीबाई म्हणाल्या. त्यांनी पंतांच्या पायांत चपला सरकवल्या, हात धरला, आणि आपलाच उंबरठा ओलांडून, मावळत्या उजेडात, त्यांचं घर शोधायला निघाल्या.