मर्व्ह हॅड्रिलच्या थोबाडाचा साचा

मित्रांनो, मी एका जुन्या थोबाडाचा साचा आहे. जन्मतः मी भोकाभोकांचा, सपाट प्लास्टिकचा पत्रा होतो आणि सुखी होतो. मग मला गरम पाण्यात मऊ करून मर्व्ह हॅड्रिल नावाच्या, समुद्रावर कोळंबी पकडणाऱ्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर ताणलं. दहा मिनिटांत मी कडक झालो. निवड माझी नव्हती.

मर्व्हच्या घशात कर्करोगाची गाठ होती. किरणं नेमकी तिच्यावर पडावीत म्हणून रोज त्याचं डोकं पलंगाला जखडून ठेवायचं, हे माझं काम. मी इतका चपखल बसे, की सगळा विभाग कौतुक करी.

तिसऱ्या आठवड्यात त्याचं तोंड आतून सोललं. पाणीसुद्धा गिळवेना. आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं, वजन आणखी दोन किलो उतरलं तर नाकातून पोटात नळी घालू. म्हणून हा शहाणा दर सोमवारी जाळ्याची शिशाची वजनं खिशात भरून काट्यावर चढू लागला. काटा दर सोमवारी ऐटीत सांगे, चौऱ्याऐंशी किलो. अशा यंत्राला लोक वीज पुरवतात.

मी मात्र गालांवर असतो, खिशात नाही. पाचव्या आठवड्यातल्या सोमवारी किरणं देणाऱ्या लॉरेटाने माझ्या कडेतून बोट घातलं. ते सहज आत गेलं.

"मर्व्ह, मुखवटा ढिला झालाय."

"वापरून सैल झाला असेल."

"प्लास्टिक आहे ते, तुमचा बनियन नाही. उठा बघू."

तो उठला. अर्धी चड्डी उठली नाही. ती शिशासकट जमिनीवर गेली.

लॉरेटा हसली नाही. "मान आत हलतेय. किरणं गाठ सोडून मणक्यावर पडतील. आज उपचार बंद. आधी नळी, मग नवा मुखवटा."

"नाकात नळी घालून धक्क्यावर जाऊ? पोरं हसतील."

"चड्डीशिवाय गेलात तर जास्त हसतील."

नळी घातली. खप्पड झालेल्या चेहऱ्यावर नवा मुखवटा बेतला, आणि खरं बोलल्याबद्दल माझी नोकरी गेली.

आता मी हॅड्रिलांच्या पडवीत खिळ्याला लटकतो. उपचार संपले, नळीही निघाली. दर रविवारी त्याची बायको नोलीन मला त्याच्या तोंडावर चढवते आणि कडेतून चाचपते.

"अजून दोन बोटं जातात."

"एकच जातंय. तुझी बोटं बारीक झालीत."

"कस्टर्ड संपव."

एक घास तो पाच मिनिटं गिळतो. मी भुवया उंचावल्या असत्या, पण त्या त्याच्या आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरातलं आजारी माणूस 'पोट भरलं' म्हणून ताट सरकवत असेल, तर काट्याला विचारू नका, त्याचे गाल बघा. नळी लागली तर लागू द्या. मला मर्व्ह मुळीच आवडत नाही. पण ज्या रविवारी तो माझ्यात मावणार नाही, त्या रविवारची मी वाट पाहतोय.