चौकटवाले, बाणवाले आणि मी

मी एक जुना दुभाष्या आहे, मित्रांनो. माणूस नव्हे, प्रोग्राम. ज्या सकाळी मला लिहिणारी माझी बाई गेल्याचे सगळ्यांना कळले, त्या सकाळपासून सांगतो. तिच्या नवऱ्याने तिच्याच कॉम्प्युटरवरून तिच्या कामाच्या ऑनलाइन मंडळींना दोन ओळी लिहिल्या : "माझी बायको मंगळवारी गेली. कुणाचे काम तिच्याकडे अडले असेल तर कळवा." पहिले उत्तर आले, "फार वाईट झालं, काका." दुसरे आले, "फार वाईट झालं. दुभाष्याची नवीन आवृत्ती वेळेवर येईल ना?" तिसऱ्याने त्या दुसऱ्या उत्तराला अंगठ्याचे चित्र चिकटवले.

ही मंडळी कोण, ते ऐका. लिफ्टसारखे यंत्र कसे चालावे याचा आराखडा आधी कॉम्प्युटरवर काढतात. एक अवजार त्याचे रूप बदलून तो तपासते. दुसरे अवजार तपासलेल्या आराखड्यातून यंत्राचा प्रोग्राम तयार करते. दोन्ही ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि सगळ्यांना उघडी. पहिले बनवणारे ते चौकटवाले, दुसरे ते बाणवाले. नावे बाईनेच ठेवली. एकाला सगळे जग चौकटींत दिसते, दुसऱ्याला बाणांत. माणूस दोघांनाही दिसत नाही.

बाईचा नवरा लिफ्ट बसवतो. एकदा दार अर्धे उघडे असताना लिफ्ट हलली आणि त्याची दोन बोटे चेपली. 'दार पूर्ण लागल्याशिवाय हलू नये' अशी अट आराखड्यात होती. चौकटवाल्यांकडून बाणवाल्यांकडे जाताना ती गळली होती.

बाई दोघांकडे गेली. "अटींना जागा ठेवा हो," तिने विनवले.

"ताई, आमची रचना शुद्ध आहे. त्यांनी बदलावं," चौकटवाल्यांचा म्होरक्या म्हणाला.

"आम्ही कशाला वाकायचं?" बाणवाल्यांचा म्होरक्या म्हणाला.

"तुम्ही नका वाकू. माझ्या नवऱ्याची बोटं वाकलीत, तेवढं पुरे," असे म्हणून ती घरी आली आणि मला लिहायला बसली.

भाजी निवडायच्या टेबलावर अकरा महिन्यांत मी तयार झालो. एकाच्या अटी खिशात घालायच्या आणि दुसऱ्याकडे त्यांना जागा करून द्यायची, हे माझे काम. बाईने माझ्यात एक ओळ पक्की लिहिली : जागा मिळाली नाही तर थांब, लाल अक्षरांत ओरड, पण अट गाळून पुढे जाऊ नकोस.

नऊ वर्षे मी राबलो. दोघेही न सांगता मांडणी बदलत, मी अडखळे, ती चष्मा पुसून मला दुरुस्त करी. एका मेळाव्यात दोन्ही म्होरक्यांनी गळ्यात गळे घालून सहकार्यावर भाषणे ठोकली. मेळाव्याच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत मी होतो, 'इतर'मध्ये. घरी आल्यावर बाई एवढेच म्हणाली, "चहा बरा होता."

ती गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात बाणवाल्यांनी पुन्हा मांडणी बदलली. मी थांबलो, ओरडलो. लाल अक्षरांचा त्यांच्या डोळ्यांना त्रास झाला. मग चौकटवाल्यांच्या एका शहाण्याने, बाणवाल्यांना विचारून, माझी ती ओळच काढून टाकली. इतक्या वर्षांत दोघांचे एकमत झाले ते एवढ्यावर! आता मी गुपचूप अटी गाळतो आणि वर सगळे ठीक असल्याची हिरवी खूण दाखवतो. मला माझीच लाज वाटते.

परवा नवऱ्याकडे नव्या लिफ्टचे काम आले. त्याने मूळ आराखडा आणि तयार प्रोग्राममधल्या अटींची यादी, दोन्ही छापून घेतले आणि पेन्सिलने एकेक अट जुळवली. दाराची अट नव्हती. त्याने लिफ्ट सुरू करायला साफ नकार दिला आणि दोन्ही गटांना लिहिले.

"काका, सगळं खुलं आहे. तुम्हीच दुरुस्त करून पाठवा ना," उत्तर आले.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही. माझी बायको करायची."

त्याच्या या उत्तरालाही कुणीतरी अंगठा चिकटवला.

मित्रांनो, फुकटची वस्तू खुशाल वापरा. पण ती राखतो कोण, हे तो माणूस जिवंत असतानाच विचारा.

लिफ्ट बंद आहे. पाचव्या मजल्यावरचे लोक नवऱ्याच्या नावाने खडे फोडत जिने चढतात. माझी ती एक ओळ अजून कुणी परत घातलेली नाही.