पाळकांच्या पातेल्याचं झालं काय

आमच्या सामोआत मांडी हीसुद्धा एक सीटच असते. बस भरली की अनोळखी बाईही खुशाल तुमच्या मांडीवर येऊन बसते आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. माझ्या आईने, फुआतिनोने, सात पोरं मांडीवर घेऊनच गावभर फिरवली. त्यामुळे ऑकलंडच्या भावाने जुनी व्हॅन आणि सोबत बाळाची सीट पाठवली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की घरात ठिणगी पडणार.

पहिल्या रविवारी पांढरे कपडे घालून आम्ही चर्चला निघालो. माझी बायको लागी हिने आमच्या चार महिन्यांच्या मुलीला, तालियाला, त्या सीटमध्ये बसवून पट्टे आवळले. आई व्हॅनच्या दारातच थबकली.

"हे काय? पोरीला उलटी बसवलीस? सगळे पुढे चाललेत आणि हिचं तोंड मागे!"

"लहान बाळाला असंच बसवतात, आई. मानेला हिसका बसत नाही."

"मान धरायला मी आहे ना! आण इकडे तिला."

"नाही, आई."

आमच्या घरात आईला आजवर कोणी 'नाही' म्हटलं नव्हतं. मी शूरासारखा स्टिअरिंगकडे बघत राहिलो.

"पेनी, तुझ्या बायकोला माझ्यापेक्षा हे प्लॅस्टिक बरं वाटतंय. तुझं काय म्हणणं आहे?"

"चर्चची घंटा झाली, असं म्हणणं आहे."

आई बसली, पण फुगून. आमच्यावर उपकार केल्यासारखा स्वतःचा पट्टा लावला. मागे चर्चच्या पाळकांसाठी नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांचं पातेलं होतं, ते ओढून मांडीवर घेतलं.

"निदान हे तरी धरू द्याल ना मला?"

दुकानाजवळच्या वळणावर एक डुकरीण पिल्लांसकट रस्त्यात आली. मी करकचून ब्रेक दाबला. आईच्या हातातलं पातेलं दोन सीटांमधून पुढे उडालं, समोर आपटलं आणि सगळी पानं माझ्या अंगावर आली. डुकरीण मात्र आरामात निघून गेली.

"कोणाला लागलं का?" लागी ओरडली.

कोणालाच लागलं नव्हतं. आईला पट्ट्याने धरून ठेवलं होतं. तालियाची तर झोपही मोडली नव्हती.

आई आपल्या हातांकडे बघत होती.

"आई, दुखतंय का कुठे?"

"दोन्ही हातांनी धरलं होतं मी," ती म्हणाली. "घट्ट धरलं होतं रे, पेनी."

आणि ती रडायला लागली. मघाशी मी बायकोच्या बाजूने एक शब्दही बोललो नव्हतो, याची मला फार लाज वाटली. लागीने पुढच्या सीटवरून मागे वळून आईचा हात हातात घेतला.

चर्चला उशीर झाला. माझ्या हिरव्या झालेल्या शर्टाकडे बघून पाळकांनी काही विचारलं नाही, जेवणाचंही नाही. प्रार्थना संपेपर्यंत तालिया आजीच्या मांडीवरून हलली नाही.

परत निघताना लागी बाळाला सीटमध्ये ठेवायला वाकली, तर आईने तिला कोपराने बाजूला सारलं.

"सरक."

तिने तालियाला बसवलं, पट्टे लावले, पट्ट्याखाली बोट घालून बघितलं आणि पुन्हा एकदा आवळले.

"आजपासून हिला मीच बांधणार," ती म्हणाली. "तुम्हा दोघांवर माझा भरवसा नाही."

लागी काहीतरी बोलणार होती. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं आणि आईने 'चल' म्हणेपर्यंत व्हॅन चालू केली नाही.