हात घर

"श्वास धर, उल्का. रेघ संपेपर्यंत सोडायचा नाही."

पंचेचाळीस वर्षं उलटली, तरी मर्लीनचा तो घोगरा, जमैकन वळणाचा आवाज उल्काताईंच्या कानातून गेला नव्हता. भाजी चिरताना मधेच ऐकू यायचा आणि सुरी आपोआप थांबायची.

आज तर तो सकाळपासून पाठ सोडत नव्हता. नात अक्षरा ब्रिस्टलच्या एका गॅलरीत नोकरीला होती. डिझाइनच्या इतिहासात ज्यांची नावं कुणी लिहिलीच नाहीत, अशा कृष्णवर्णीय आणि आशियाई बायकांचं प्रदर्शन तिनं उभं केलं होतं. उद्या उद्घाटन. भिंतीवर लावायची पाटी ती आजीला दाखवायला आली होती.

"स्पेलिंग बघ फक्त, आजी. मग प्रिंटला पाठवते."

‘हात घर’, १९७९. डिझाइन : उल्का कारखानीस.

शेजारी पोस्टरचा फोटो. जाड काळी आडवी रेघ, तिच्या दोन टोकांना दोन हात आणि मधे रेघेला लटकलेली अक्षरं.

"माझा फेव्हरिट पोस्टर आहे हा," अक्षरा म्हणाली. तिचं मराठी इथेच वाढलेलं. त्यात पोस्टर कधी तो व्हायचा, कधी ती. "‘हात धर’ नाही, ‘हात घर’! किती क्लेव्हर आयडिया आला तुला. उद्याचा माझा पूर्ण टॉक त्याच्यावर आहे."

"चहा टाकू का गं?"

"आजी, विषय नको बदलू."

आयडिया कसली, ती चूक होती.

ब्रिस्टलच्याच सेंट पॉल्स भागातल्या एका तळघरात तेव्हा बायकांचा छापखाना होता. उल्का भाषांतर करायची, मर्लीन चित्रं काढायची. दवाखान्यात एकटीनं जायला घाबरणाऱ्या गरोदर बायकांना सोबत करणारा एक गट होता, त्याचं पोस्टर निघणार होतं. आपली घरं गावात पंधरावीस, पण एक मराठीतही हवंच, म्हणून उल्का हटून बसली. चिटोऱ्यावर लिहून दिलं : हात धर.

आपण पाटीवर शिकलेली माणसं. आधी अक्षरं काढतो, मग वरून रेघ देतो, आणि ‘ध’ आला की हात आपसूक उचलला जातो. मर्लीनला हे कुठलं ठाऊक? तिला ती रेघ म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी वाटली. आधी दोरी, मग कपडे. एका श्वासात तिनं अख्खी रेघ ओढली, तिचाच बाहू केला, टोकांना हात दिले. रेघ ‘ध’च्या डोक्यावरून सरळ गेली आणि ‘ध’चा ‘घ’ झाला.

पाचशे प्रती सुकायला टांगल्यावर उल्काला ते दिसलं. तिनं कपाळावर हात मारला. "अगं, हे ‘घर’ झालं!"

घर म्हणजे काय, ते मर्लीननं विचारून घेतलं. या गावात खोली मागायला गेल्यावर किती दारं तिच्या तोंडावर लागली होती, ते उल्काला माहीत होतं. शाईचे हात पुसत मर्लीन कितीतरी वेळ पोस्टरकडे बघत राहिली.

"हात म्हणजे घर," ती म्हणाली. "मग चुकलं कुठं?"

त्या दिवशी कामाच्या नादात उल्कानं ओवी जुळवली होती :

रेघ ओढिते सखी माझी, अक्षर तिला ठावं नाही
तिच्या हाताच्या सावलीला घर माझं उभं राही

मग वर्तमानपत्राचा माणूस आला. अक्षरं हिंदुस्थानी, समोर साडीतली बाई. त्यानं वहीत उल्काचं नाव आधी लिहिलं, विचारलं नंतर. "तुम्हीच केलंत ना? काय कल्पना होती?"

मागं मर्लीन नळाखाली छपाईच्या जाळ्या धूत होती. नळ बंद झाला.

"हात म्हणजे घर," उल्का म्हणाली.

नळ पुन्हा सुरू झाला.

तिच्या नावानं छापून आलेल्या त्या कात्रणाच्या जोरावर उल्काला चित्रकाराची नोकरी लागली. मर्लीन एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला गेली. दर ख्रिसमसला रममध्ये मुरलेला काळा केक पाठवायची. त्या गोष्टीबद्दल मात्र अवाक्षर नाही. सहा वर्षांपूर्वी ती वारली. अंत्यविधीला तिच्या मुलीनं, डेलरीननं, विचारलं होतं, "आंटी, मम्मी पूर्वी चित्रं काढायची म्हणे. खरं का?"

"अशीच, किरकोळ कामं करायचो आम्ही," असं म्हणून उल्काताईंनी सँडविचची ताटली जवळ ओढली होती.

"आजी? बरोबर आहे ना सगळं?"

"अक्षरा, या कागदावर ‘हात धर’ लिही बघू."

"आता?"

"लिही."

अक्षरानं अक्षरं काढली, मग रेघ द्यायला घेतली. ‘ध’शी आल्यावर तिचा हात उचलला गेला.

"का थांबलीस?"

"तूच शिकवलंस ना! शनिवारच्या क्लासमध्ये केवढी ओरडायचीस तू..." ती हसली आणि हसता हसता तिची नजर फोटोवर गेली. त्या सलग रेघेवरून हळूहळू फिरली. "आजी... मग हा... तू नाही काढला?"

उल्काताईंनी फोन उचलला. सहा वर्षं डायरीत नुसता पडून राहिलेला नंबर. त्यांनी तो लावला. पलीकडून मर्लीनच्याच वळणाचा घोगरा आवाज आला आणि इतक्या वर्षांचा धरलेला श्वास त्यांनी सोडला.

"डेलरीन, मी उल्का आंटी. तू विचारलं होतंस ना, तेव्हा मी खोटं बोलले. ‘हात घर’ पोस्टर तुझ्या आईनं काढलं. आणि पेपरात माझ्या नावानं छापलेलं ‘हात म्हणजे घर’ हे वाक्यसुद्धा तिचंच होतं. मी ते चोरलं, पोरी. ती मागं उभी राहून ऐकत होती."