झार, सुलतान आणि राऊळांचा नितेश

झार मेला तेव्हा शेगडीवरचा भात उतू जात होता.

“तुमी उठतात काय?” रुक्मिणी ओट्यापाशी ओरडली. तिचे दोन्ही हात वाटणाने भरलेले. “गॅस बारीक करा आदी!”

“थांब गो. झार मेलो. आता त्येचो झील काय करता, ता बघूक दी.”

झाराच्या मुलाने तह केला आणि क्रिमियाची लढाई संपली. मोबाइलमधल्या गोल चष्म्याच्या पोराने हात झटकले, “पुन्हा भेटू” म्हटलं आणि सहदेव राऊळ उठून गॅसपाशी गेला. तोवर निम्मी पेज शेगडीवर.

“त्येच्या झिलान लढाई संपवल्यान,” तो शेगडी पुसत म्हणाला.

“बरा झाला. आता आपलो झील कदी सुटतलो, ता सांगा.”

ते ठाऊक असतं तर साठी उलटल्यावर सहदेव झाराच्या वाटेला गेला असता कशाला? शाळेत इतिहासाच्या तासाला त्याने फक्त डुलक्या काढल्या होत्या.

त्यांचा एकुलता एक नितेश मालवाहू बोटीवर फिटर. काळ्या समुद्राकाठच्या एका बंदरात बोट धान्य भरायला लागली आणि तिथे लढाई पेटली. बंदराच्या तोंडाशी पाण्यात सुरुंग. जमिनीवरून यावं तर रस्त्यावर तोफा. बोट जागच्या जागी, माणसं बोटीत. टीव्ही लावला की सगळे एकमेकांवर भुंकत. हे संपणार कधी, एवढं सोडून सगळं सांगत. म्हणून सहदेवने टीव्ही बंद केला आणि मोबाइलवर जगाचा इतिहास लावला.

त्यात त्याचा एक हिशेब होता. जन्मभर त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. बोरिवलीपासून दहिसरच्या नाक्यापर्यंतच्या निम्म्या इमारती त्याला नावाने ओळखत. त्या धंद्याने त्याला एक गोष्ट शिकवली होती. बिघाड तेच असतात, इमारती वेगळ्या. मागे कशाने अडकली होती ते कळलं, की या खेपेला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधता येतो. समुद्र काय नि लिफ्ट काय! हा समुद्र पूर्वी कोणी अडवला, कसा सुटला, एवढं पाहिलं की झालं. भाबडा म्हणा हवं तर, पण बापाला काहीतरी हातात धरायला लागतंच.

गोल चष्म्याचा पोरगा होताही हुशार. पाठीमागे नकाशा, हातात खडू, एक लढाई पाच मिनिटांत खलास. सहदेवने सुलतान पाहिले, राण्या पाहिल्या, तह पाहिले, तह मोडलेले पाहिले. संध्याकाळी चाळीच्या कट्ट्यावर धोंडूमामांना तो म्हणायचा, “ह्यो सुलतान जरा नीट वागलो आसतो, तर आज ही पाळी येती नाय.” धोंडूमामा आपले मान हलवायचे. गावातलं एखादं भावकीचं भांडण असावं, तसं ऐकायचे.

एकदा तो अंधेरीला गेला. ज्यांनी नितेशला बोटीवर पाठवलं त्यांची कचेरी तिथे होती. टेबलामागे अपूर्वा नावाची मुलगी होती.

“अंकल, आम्ही फॉलोअप घेतोय ना रोज,” ती म्हणाली. “पाच मिनिटं बसा, सर येतील.”

“सुरुंग काडूक किती वेळ लागता, माहीत आसा तुका?”

“ते मला कसं माहीत असणार, अंकल?” तिचाही चेहरा उतरला. “बसा ना. पाचच मिनिटं.”

सहदेव बसला. सर काही आले नाहीत. संध्याकाळी शिपाई दिवे मालवू लागला, तेव्हा तो निमूट उठला. रागवायला तोंडच नव्हतं. ही युक्ती त्याचीच. लिफ्टमध्ये माणसं अडकली, आत बायका रडायला लागल्या, की तो दाराच्या फटीला तोंड लावून सांगायचा, “घाबरू नका, पाच मिनिटं!” मग तास लागो की दोन तास. माणसं तेवढ्यावर तग धरतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बाहेरच्याला काही ठाऊक नसतं, तेव्हाच तो पाच मिनिटं म्हणतो, हेही.

आणि मग एका दुपारी मोबाइलने न मागता सुएझचा कालवा पुढे केला. सदुसष्ट साली तिथे लढाई झाली, कालवा बंद पडला, चांगली चौदा-पंधरा जहाजं मधेच अडकली. वाळवंटातली वाळू उडून डेकवर साचली. जहाजं पिवळी दिसायला लागली. “आणि आठ वर्षांनी कालवा उघडला,” गोल चष्मा म्हणाला आणि त्याने खडू खाली ठेवला.

आठ वर्षं त्याने एका वाक्यात संपवली. सहदेवने पुन्हा लावून पाहिलं. कोण जिंकलं, कोण हरलं, सगळं होतं. जहाजांवरच्या माणसांचं काय झालं, कोणी त्यांना मधे घरी नेलं की नाही, ते नव्हतं. पुढचा भाग म्हणून त्याने बोट लावलं तर पिरॅमिड आले. रुक्मिणीला यातलं अक्षर सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं.

दोन दिवसांनी नितेशचा फोन लागला. आवाज तुटक येत होता.

“बाबा, बरा आहे मी. जेवण मिळतंय. तुमचा इतिहास काय म्हणतोय? कधी सुटणार आम्ही?”

सहदेवने मोबाइल तोंडाशी नेला, दाराच्या फटीला तोंड लावायचा तसा. “घाबरू नको रे. पाच मिनिटं.”

पोरगा हसला. बापाची ही थाप तो लहानपणापासून ऐकत आला होता. मग रुक्मिणीने मोबाइल घेतला. जेवलास का, झोपतोस का, असं विचारता विचारता ती थांबली.

“नितेशा, डेकार वाळू येणा नाय मां रे?”

“वाळू? आई, काय पण! इथे बर्फ पडतोय.”

“मगे बरा,” ती म्हणाली आणि पदराने मोबाइल पुसत बसली. सहदेव भिंतीकडे बघत राहिला. घरात मोबाइल एकच. तिनेही ते पाहिलं होतं आणि तीही त्याच्यापासून लपवत होती.

रात्री जेवताना ती म्हणाली, “ग्रामदेवतेक नारळ ठेवया. गाराणा घाला.”

रविवारी चाळीतली गाववाली मंडळी खोलीत जमली. पाटावर नारळ, विडा, उदबत्ती. दरवर्षी गाऱ्हाणं सहदेवच घाली, आवाज खणखणीत.

“बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे एका सुरात.

“तुझ्या लेकरान आज ह्यो नारळ ठेवलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“माझो झील नितेश परमुलखात आडाकलो आसा. जो कोण त्येच्या वाटेत आडवो इलो आसात, त्येका बाजूक कर रे म्हाराजा!”

“नाव घी,” धोंडूमामांनी हळूच आठवण केली. “नावाशिवाय देवाक कसा कळतला?”

सहदेवने हात जोडले. नावांना तोटा नव्हता.

“झार आडवो इलो आसात, तर त्येका बाजूक कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“सुलतान इलो आसात, इलायतेची राणी, फ्रान्सचो राजा इलो आसात... जेनी तह केल्यानी नि जेनी मोडल्यानी...”

शेजारच्या सुनंदाने पदर तोंडाला लावला. होकार विरळ होत गेला. सहदेवचा आवाजही खाली आला.

“हे सगळे मेले आसत, म्हाराजा,” तो म्हणाला. “तरी वाट बंद आसा.”

यावर व्हय कोणीच म्हटलं नाही. आता शेवटचं मागणं राहिलं होतं. ‘अमुक दिवसांच्या आत लेकराक घराक आण’, अशी मुदत घालायची असते. सहदेवने तोंड उघडलं. पाच मिनिटं म्हणवेना, आणि दुसरा जो आकडा त्याला ठाऊक होता तो ओठांवर आणवेना. उदबत्तीची राख विड्यावर पडली. मंडळी खाली मान घालून वाट पाहत राहिली.

“व्हय म्हाराजा,” मागून रुक्मिणी म्हणाली.

सहदेवने अजून काही मागितलंच नव्हतं.