काळ्या चौकटीतलं परीक्षण

मी जन्मभरात शेकड्यांनी पुस्तक-परीक्षणं लिहिली. त्यातलं एकच असं निघालं की ज्याच्यापुढं सगळं गाव थांबलं, आणि त्यातलीसुद्धा एक ओळ, जिच्यावर लिहिलं ती बाई सोडून, कुणी वाचली नाही. माझ्या बोलण्यातलं निम्मं वाऱ्यावर सोडून द्यावं असं इथं बल्गेरियात माझी बहीणसुद्धा सांगते. हे मात्र त्या निम्म्यातलं नाही.

आमचं गाव नऊ हजार वस्तीचं. मोज्यांचा कारखाना बंद पडला आणि लोकांच्या हाताला दुसरं काही उरलं नाही, म्हणून लोक लिहायला लागले. प्रकाशक कोण विचारतो? स्वतःच लिहायचं, स्वतःच पन्नास प्रती छापून घ्यायच्या आणि सत्तेचाळीस पलंगाखाली ठेवायच्या. आमच्या दातांच्या डॉक्टरनं ड्रॅगनांवर तीन खंडांची कादंबरी लिहिली. त्यातले ड्रॅगन आग ओकतात, पण एकाचाही दात किडलेला नाही. निवृत्त फौजदारानं रहस्यकथा लिहिली. खुनी मोकळा फिरतोय हे त्याच्याच्यानं बघवेना, म्हणून त्यानं नवव्या पानावर त्याला पकडला. पुढची दोनशे पानं नुसते पंचनामे. मधमाश्या पाळणाऱ्या एकानं कवितासंग्रह काढला. त्याची प्रत इतकी चिकट होती की माझ्याआधी मुंग्यांनी ती संपवली, आणि त्यांचं मत माझ्यापेक्षा बरं पडलं.

ही सगळी पुस्तकं माझ्याकडं येत. मी पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायचो, मग आमच्या साप्ताहिकात ‘नवी पुस्तकं’ लिहायचो. साप्ताहिक वारलं. मी वारलो नाही, म्हणून मी परीक्षणं भिंतीवर लावायला लागलो.

भिंती आमच्याकडं मेलेल्यांच्या. माणूस गेलं की एक कागद छापायचा, वर फोटो, खाली नाव, वय आणि चार ओळी, भोवती काळी चौकट. तो घराच्या दारावर, बसथांब्यावर, चौकातल्या झाडावर डकवायचा. मग चाळीस दिवसांनी दुसरा, वर्षानं तिसरा. आमच्याकडं जिवंत माणूस भेटत नाही इतक्या वेळा मेलेला भेटतो. हे कागद छापायची सेव्दा. तिच्या दुकानात पुढं छपाईचं यंत्र, मागं शवपेट्या. गावात दुसरं यंत्र नाही. माझं परीक्षणही ती त्याच साच्यात छापायची, वर लेखकाचा फोटो, खाली माझा मजकूर; फक्त काळी चौकट काढून टाकायची.

आणि तिथंच घात व्हायचा. लोक लांबून बघत, चौकट नाही म्हणजे माणूस जिवंत आहे असं ताडत, आणि पुढं जात.

मग रुसानाबाईंचं पुस्तक आलं. बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. टेकडीवरच्या हवामान केंद्रात एकतीस वर्षं पाऊस मोजला. धरणाखाली बुडालेल्या गावाची कादंबरी. पाण्याखाली माणसं तशीच राहतात, पाव भाजतात, भांडतात, वरून कुणी हाक मारतंय का म्हणून कान देतात. मी पुस्तकाचं पहिलं पान, मधलं आणि शेवटचं वाचून परीक्षण लिहिणारा माणूस. हे मी अख्खं वाचलं. दोनदा.

पुस्तक मुलाला अर्पण केलेलं. मुलगा लाचेझार, स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला संत्र्यांच्या पेट्या भरतो. अकरा वर्षं मायलेकरांचं बोलणं नाही. बाप आजारी असताना बापानंच बजावलं होतं, पोराला कळवू नकोस, नोकरी सोडून येईल. बाईंनी ऐकलं. बाप गेल्याचं पोराला कळलं ते कुणीतरी फोनवर पाठवलेल्या दारावरच्या कागदावरून. तो पोचला तेव्हा माती पडून दोन दिवस झाले होते. उंबऱ्यात उभा राहून तो म्हणाला, “मला तुम्ही कागदावरून कळवता ना? मग आता तुझा कागद लागेल तेव्हाच येईन.” आणि गेला. बाईंनी पाठवलेलं पुस्तक न उघडता परत आलं.

हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी सेव्दाला म्हणालो, “या वेळी चौकट राहू दे.”

“मानोलकाका, बाई धडधाकट आहे.”

“मेली असं मी मजकुरात कुठं लिहिलंय? लोक थांबतील तरी. थांबले की वाचतील.”

“देव बघतोय हं.”

“बघू दे. निदान तो तरी वाचेल.”

संध्याकाळी मी स्वतः सहा कागद डकवले आणि शीळ घालत घरी गेलो.

सकाळी आठ वाजता रुसानाबाईंच्या दारात अकरा बाया उभ्या. हातात मेलेल्यांच्या घरी नेतात तसे उकडलेल्या गव्हाचे वाडगे, सम आकड्यातली फुलं. दार उघडलं ते रुसानाबाईंनीच, हातात झाडू. किराणावाल्या स्तोयमेनानं आधी छातीवर क्रूस काढला आणि मग अशी शिवी दिली की तिचा नवरा ती अजून आठवणीनं सांगतो.

नऊ वाजता बाई माझ्याकडं.

“मानोल, मी मेले कधी? तारीख घालायला विसरलास.”

“बाई, ते परीक्षण आहे. चांगलं लिहिलंय.”

“वाचलं. दुसऱ्या परिच्छेदात ‘विलक्षण’ दोनदा आलंय.” बाई खुर्चीवर बसल्या. मी राकिया, आमची फळांची दारू, ओतली. त्यांनी पेला हातात घेतला, मेलेल्यांच्या नावानं जमिनीवर थेंब सांडतात तसा एक सांडला, आणि मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. त्या हसल्या नाहीत.

“स्तोयमेना कागदांचे फोटो सगळीकडं पाठवते ना?”

“सगळ्यांचे पाठवते.”

“माझा?”

“सातलाच पाठवला म्हणे. मी आत्ता जाऊन सांगतो, चूक झाली म्हणून. सहाही कागद फाडतो.”

बाईंनी पेला खाली ठेवला. “फाडू नकोस,” त्या म्हणाल्या. “तीन दिवस राहू दे.”

त्या तीन दिवसांत आमच्या गावानं जे केलं ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा थापा मारतोय. नऊ हजार माणसांनी तोंड शिवून घेतलं. रुसानाबाई मेल्या नाहीत हे ज्याला त्याला ठाऊक, आणि बाहेरच्या कुणी विचारलं तर जो तो मान खाली घाली. पाद्रीबाबा खोटं बोलायला नको म्हणून तीन दिवस घसा बसल्याचं सोंग घेऊन फिरले. बाई पडदे ओढून घरात. वाळवलेल्या मिरच्यांत घेवडा भरून शिजवत होत्या. लाचेझार लहानपणी त्या दहा-दहा खायचा.

“मेलेल्या आईनं स्वयंपाक केलेला बघून पोरगं फेफरं येऊन पडेल,” मी म्हणालो.

“पडू दे. उचलीन.”

राजधानीहून, सोफियाहून, बस येते चार दहाला. थांब्यावर जायचं काम माझं. माझ्यामागंच खांबावर त्यांचा कागद. पहिल्या दिवशी बसमधून दोन विद्यार्थी आणि एक कपडे धुण्याचं यंत्र उतरलं. दुसऱ्या दिवशी कुणीच नाही. चालक उतरला, त्यानं कागदाची चौकट बघितली आणि टोपी काढली. तिसऱ्या दिवशी एक उंच माणूस उतरला, हातात सुटकेस. त्यानं नगरपालिका कुठं विचारलं. पाइप विकायला आला होता.

“उंच होता?” बाईंनी विचारलं.

“होता.”

“डाव्या कानाखाली व्रण?”

“नव्हता.”

“मग नाही.” त्यांनी मिरच्यांचं पातेलं पुन्हा मंद आचेवर ठेवलं.

तेवढ्यात दार वाजलं. सेव्दा. एक कागद छातीशी धरलेला. ती आत आली, पण बसली नाही.

“लाचेझारचा फोन पहिल्याच दिवशी आला होता,” ती म्हणाली. “मी बोलले नाही तुम्हाला. वाटलं, मागून येईलच.”

“काय म्हणाला?”

“विचारलं, सगळं नीट पार पडलं का. कुणाला काही सांगायचं नाही अशी तुम्ही शपथ घातली होती. मी हं म्हणाले.” सेव्दा रडायला लागली. “मग म्हणाला, मुलाकडून एक कागद लावा. मजकूर काय लिहू विचारलं. तुमच्याकडं तयार असतात ना, म्हणाला. मी यादी वाचायला लागले. चौथ्यालाच म्हणाला, हाच, चार नंबर. आज लावायचा आहे.”

बाईंनी कागद घेतला. चष्मा शोधला. त्यावर होतं: प्रेमळ आईस, तुझी उणीव सदैव भासेल, तुझा दुःखी पुत्र. भोवती चौकट. फोटो माझ्याच परीक्षणातला.

“पाचवा ऐकला नाही त्यानं?”

“नाही.”

“पाचवा काय आहे?”

“हातांचं आहे, रुसानामावशी. ज्या हातांनी मला उचललं वगैरे. जरा लांब आहे.”

“लांब आहे,” बाई म्हणाल्या. “त्याला पेट्या भरायच्या असतील.”

मला राहवलं नाही. “बाई, आत्ता फोन लावतो. सगळं माझं पाप आहे, मी सांगतो त्याला. तुम्ही जिवंत आहात म्हणून सांगतो.”

“आणि मग काय होईल?”

“येईल.”

“कागद लागेल तेव्हा येईन म्हणाला होता. कागद लागला. तू ते बघितलंस, गावानं बघितलं.” त्यांचा आवाज चढला नाही. “आता त्याला अजून एकदा बोलावलं, तर अजून एकदा न येणं त्याला भाग पडेल. नको. मानोल, तू परीक्षणं लिहितोस. यावर काय लिहिशील?”

मी त्या तीन ओळींकडं बघितलं. दातांच्या डॉक्टरच्या तीन खंडांवर मला दीड पान सुचलं होतं.

“सुचत नाही, बाई.”

“मग डिंक आण.”

सेव्दा म्हणाली, हे अशुभ आहे. मी म्हणालो, मी लावणार नाही. बाई म्हणाल्या, ऑर्डर दिलेली आहे, लावायचं तुझं काम आहे, कागद मी धरते. आम्ही तिघं बाहेर आलो. पूर्वी नवऱ्याचा कागद जिथं होता, त्या दारावर मी डिंक फासला. कागदाला वरच्या अंगाला सुरकुती पडली. बाईंनी ती अंगठ्यानं हळूहळू कडेपर्यंत नेऊन सपाट केली.

रस्त्यानं बसचालक चहाला चालला होता. परगावचा माणूस, त्यानं लांबून टोपी काढली.

“कोण गेलं, आजी?”

“मी,” रुसानाबाई म्हणाल्या. “ये जरा, हा खालचा कोपरा दाबून धर. वारा सुटलाय.”