फक्त ठिकाण सांगा

डोंगरातल्या वस्त्यांमधून पेशंट विमानाने आणणाऱ्या त्या विमानतळावर एक नियम होता, आणि तो तिथल्या वैमानिकाने, कप्तानानेच भांडून करून घेतलेला. पेशंट कोण, त्याला काय झालंय, हे वैमानिकाला सांगायचं नाही. फक्त ठिकाण सांगायचं. त्याने आभाळ बघायचं आणि हो किंवा नाही म्हणायचं. सहा वर्षांपूर्वी कप्तानाच्या जोडीदार वैमानिकाला कुणीतरी सांगून बसलं की तान्हं बाळ आहे. तो भरल्या ढगात घुसला. विमानातले तिघंही गेले, आणि तिकडे वाट बघत बाळही गेलं.

त्या सकाळी वायरलेसवरचा निरोप नर्सबाईंनी घेतला. खिंडीपलीकडच्या वस्तीत एका बाईला रक्ताच्या उलट्या होत होत्या. नाव ऐकलं आणि बाईंनी ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. ती कप्तानाची थोरली बहीण. आईच्या मागे तिनेच त्याला लहानाचं मोठं केलेलं. त्याच्या अंगातला स्वेटरसुद्धा तिनेच विणलेला.

बाईंनी डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टर म्हणाले की नियम सगळ्यांना सारखा. तिकडच्या आरोग्यसेविकेला काय काय करायचं ते सांगत ते वायरलेसपाशी बसले.

कप्तान बाईंच्या थर्मासमधला रोजचा चहा घेत खिडकीशी उभा होता. बाईंनी त्याला फक्त वस्तीचं नाव सांगितलं. खिंड दिसत नाही, आत्ता जमणार नाही, म्हणाला. वर हसून म्हणाला, ढग उठले तर बाई, परत निघण्याआधी तिथे ताईकडे चहा घेऊ. आता सांगा, काय करावं नर्सबाईंनी? शब्द अगदी ओठावर आलेले. त्यांनी ते गिळले आणि ऑक्सिजनचं सिलिंडर तिसऱ्यांदा तपासायला घेतलं.

पावणेदोन तासांनी खिंड मोकळी झाली. कप्तान, डॉक्टर आणि बाई निघाले ते अर्ध्या तासात तिथे उतरले. धावपट्टीच्या कडेला कप्तानाचे दाजी उभे होते, पायात चप्पलही नव्हती. त्यांना बघितलं आणि कप्तानाला कळायचं ते कळलं. इंजिन बंद करून तो धावत सुटला.

ताई वीस मिनिटांपूर्वी गेली होती. डॉक्टरांनी तरी नाडी पाहिली, छाती तपासली आणि हात खाली ठेवला.

कप्तान बाहेर ओट्यावर येऊन बसला. मग त्याने विचारलं, "बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"सांगितलं असतंत तर मी उडालो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

डॉक्टरांना आणि बाईंना परत न्यायला दुसरा वैमानिक आला; कप्तान तिथेच राहिला. तेराव्या दिवसानंतर कप्तान कामावर रुजू झाला. डॉक्टरांना वाटलं, हा आता नियम मोडीत काढायला लावणार. तसं काही झालं नाही. निरोप आला की तो अजून खिडकीशी जातो आणि फक्त ठिकाण विचारतो. बाईंच्या थर्मासमधला चहा मात्र त्याने त्यानंतर घेतला नाही. त्या रोज दोन कप मांडतात आणि एक तसाच पुसून ठेवतात.